चौथ्या क्रमांकाचं मूल

कॅनडातलं हॅलिफॅक्स शहर, फेअरव्ह्यू लॉन दफनभूमी. टायटॅनिकवरच्या १२१ जणांच्या कबरी इथे आहेत. त्यांतल्या एका दगडावर लिहिलंय, 'अनोळखी बालक'.

२१ एप्रिल १९१२. समुद्रातल्या तारा दुरुस्त करणारं मॅके-बेनेट हे जहाज मृतदेह शोधत होतं. सापडेल त्या क्रमाने नंबर दिला जाई. अंगावरचे कपडे, केसांचा रंग, अंदाजे वय यांची नोंद होई आणि खिशातल्या वस्तू त्याच नंबरच्या कापडी पिशवीत जात. या काटेकोरपणामुळेच पुढे कितीतरी घरांना आपलं माणूस ओळखता आलं. चौथ्या क्रमांकाच्या बाळाला मात्र कुणीच विचारायला आलं नाही. खलाशांनीच खर्च करून त्याला दफन केलं.

बाळाची ओळख पटवण्यासाठी मे २००१ मध्ये कबर उघडली. हाती आला हाडाचा सहा सेंटिमीटरचा तुकडा आणि तीन दात. त्याच वेळी उघडलेल्या आणखी दोन कबरींत तेवढंही उरलं नव्हतं.

आता डीएनए जुळवून पाहायला नातेवाईक हवे होते, पण कोणते? इतक्या जुन्या हाडात मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा, डीएनए मिळण्याची आशा जास्त, कारण एकेका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात. तो आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पुढे मात्र फक्त मुलींमार्फत जातो. म्हणून काका, आत्या, चुलत भावंडं बाद, आडनाव एक असलं तरी. मामा चालतो, मामाची मुलं नाहीत. मावशी चालते, तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी, कितीही पिढ्या गेल्या तरी. लग्नानंतर आडनावं बदलत गेलेल्या या बायका कागदपत्रांतून शोधून काढणं, हे खरं कष्टाचं काम.

स्वीडनच्या गोस्टा पॉल्सनचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जाई. ते जुळलं नाही. २००२ मध्ये उत्तर आलं, फिनलंडचा १३ महिन्यांचा एइनो पानुला. दातांवरून काढलेलं वयही त्याच्याशी जुळत होतं.

तरी शंका राहिली ती बुटांमुळे. बाळाचे कपडे जाळायचे होते, पण क्लॅरेन्स नॉर्थओव्हर या पोलीस सार्जंटला ते चिमुकले बूट आगीत टाकवेनात. त्याच्या कुटुंबाने ते हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयाला दिले आणि लक्षात आलं, १३ महिन्यांच्या पावलाला हे मोठे होतात.

पहिल्या चाचणीत डीएनएचा छोटाच भाग पाहिला होता आणि तेवढा भाग दोन घराण्यांत सारखा निघाला होता. जास्त भाग तपासल्यावर पानुला वगळला गेला. २००७ मध्ये नाव पक्कं झालं : इंग्लंडचा सिडनी लेस्ली गुडविन, वय १९ महिने.

आईवडील आणि सहा मुलं, तिसऱ्या वर्गाने अमेरिकेत नायगारा फॉल्सला निघालेलं हे अख्खं कुटुंब बुडालं. ओळख पटली ती एवढ्या एकाची. २००८ मध्ये नातेवाईक या कबरीपाशी जमले. 'अनोळखी बालक' हे शब्द त्यांनी खोडले नाहीत, कारण त्या रात्री गेलेल्या बहुतेक मुलांना कबरच मिळालेली नाही.