टस्कीगीच्या विटा

नमस्कार मंडळी. विषय आहे अमेरिकेच्या दक्षिणेतली, अलाबामा राज्यातली मेकन काउंटी आणि तिथली ऐतिहासिक ठिकाणं. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, लोकसंख्या जेमतेम २० हजार, मुख्य गाव टस्कीगी. आणि टस्कीगी म्हटल्याबरोबर इथे निम्म्या लोकांना तिथले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवले असणार, बघा, माना हलल्याच! आपल्या मराठी घरांत कार्व्हर म्हणजे घरचेच. मलाही शाळेत असताना आईने त्यांचं चरित्र वाचून दाखवलेलं.

पण माझं भांडण तिथेच आहे. पहिल्यांदा आम्ही एका ग्रुपबरोबर गेलो तेव्हा कार्व्हर म्युझियमला ४० मिनिटं, फोटो, आणि लगेच बसमध्ये चला. मी म्हटलं अहो समोर इथली शाळा उभारणारे कृष्णवर्णीय शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांचं घर आहे, द ओक्स, १८९९ सालचं, निदान त्याच्या विटा तरी बघू द्या. तर उत्तर आलं, विटांमध्ये काय बघायचंय? मला त्याचा अजून राग येतो, कारण त्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी पाडलेल्या आहेत. दुसऱ्या वर्षी मी परत गेले ती मुद्दाम विटा बघायलाच.

तर ऐका. ४ जुलै १८८१ ला वॉशिंग्टन यांची कृष्णवर्णीयांसाठीची शाळा सुरू झाली, साधारण ३० विद्यार्थी, सरकारकडून पगारापुरते २ हजार डॉलर. जागा म्हणजे चर्चजवळचं एक मोडकं खोपट, पाऊस आला की एक विद्यार्थी आपला धडा सोडून वॉशिंग्टन यांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि ते बाकीच्यांचा धडा घ्यायचे. मग एक जुना मळा विकत घेतला. आता इमारती हव्यात, गावात वीटभट्टी नाही आणि हातात पैसा नाही, म्हणून वॉशिंग्टन म्हणाले विटा आपणच पाडू.

आमच्या गावी नदीकाठी भट्ट्या लागायच्या त्यामुळे मला माहितीये, चिखल मळणं सोपं वाटतं पण भट्टी रचणं आणि भाजणं ही खरी कला. या लोकांना त्यातलं काहीच येत नव्हतं. मुलं गुडघाभर चिखलात, काहीजण तर वैतागून शाळा सोडून गेले, की आम्ही शिकायला आलोय, हे काय! पहिली भट्टी फसली. दुसरीही फसली. तिसरी आठवडाभर जळत होती, आता काही तासांत हजारो विटा मिळणार असं वाटत असताना मध्यरात्री कोसळली. शिक्षक म्हणाले, सर, आता नाद सोडा. वॉशिंग्टन यांच्याकडे एक घड्याळ होतं, ते घेऊन माँटगोमेरीला गेले, गहाण ठेवलं, १५ डॉलर आणले आणि चौथी भट्टी लावली. ती लागली! घड्याळ मात्र मुदतीत सोडवता आलं नाही, गेलं ते गेलंच. पुढे वीसेक वर्षांत एका हंगामात १२ लाख विटा निघायला लागल्या.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हे, की शाळेकडे कधी न फिरकणारे गोरे शेजारी विटा घ्यायला आले, कारण वीट चांगली होती. वॉशिंग्टन यांचा सगळा भरवसा यावरच होता, की उपयोगाचं काम केलं की मान मिळेल, हक्कही मिळतील.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं, मुद्द्यावर येते, कारण जे सांगायचं कबूल केलं ते तर राहिलंच. वीट घेतली, पण हक्क दिले का?

१९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने टस्कीगी शहराची हद्द बदलली. चौकोनी शहर २८ बाजूंचं करून टाकलं आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर, खुद्द ती शाळाही बाहेर, गोरा मतदार मात्र एकही नाही. प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी गोऱ्या दुकानांवर बहिष्कार उभा केला, कोर्टात गेले आणि १९६० ला सुप्रीम कोर्टात जिंकले. ती रेघ जमिनीवर कुठे दिसत नाही, पण माझ्या यादीत ती पहिली.

मग मोटन फील्ड हा विमानतळ बघा, दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ १ हजार कृष्णवर्णीय वैमानिक इथल्या प्रशिक्षणातून तयार झाले, तेही वेगळ्या तुकड्यांसाठी, कारण गोऱ्यांबरोबर उडायची परवानगीच नव्हती.

आणि शेवटचं, नोटासल्गाजवळचं शायलो चर्च. शेजारी रोझेनवाल्ड शाळा आहे, वॉशिंग्टन यांच्या पुढाकारातून आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून दक्षिणेत अशा सुमारे ५ हजार शाळा उभ्या राहिल्या. या चर्चमधूनही सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून एका रोगाच्या अभ्यासासाठी कृष्णवर्णीय माणसं गोळा केली, सगळीकडची मिळून ६००, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतो असं सांगितलं आणि पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही, १९७२ पर्यंत. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली १९९७ मध्ये.

वेळ संपली. कोणी तिकडे जाणार असाल तर म्युझियम बघून बसमध्ये बसू नका, गाडी करा आणि शायलोला जा. त्या माणसांपैकी काहीजण तिथल्याच दफनभूमीत आहेत.