सरव्याची ज्वारी आणि दशांश

श्रोतेहो, नमस्कार. आज जरा अवघड जागेचं दुखणं घेतलंय. ख्रिस्ती माणसानं मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, पैसे द्यायलाच पाहिजेत का? रविवारी अर्पणाची थैली रांगेतून फिरते तेव्हा हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. थैली पुढं सरकली की प्रश्नही सरकतो.

दशांश तुम्हाला ठाऊक आहे. बायबलच्या जुन्या करारात, मोशेच्या नियमशास्त्रात, धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दहावा हिस्सा परमेश्वराचा. तो लेव्यांना, म्हणजे देवाच्या मंदिरात सेवा करणाऱ्या वंशाला, मिळायचा, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता. दर तिसऱ्या वर्षी त्यातून गावातल्या विधवेचं, पोरक्याचं, परक्याचंही पोट भरायचं. म्हणजे दशांश होता पिकावर आणि जनावरांवर. परत सांगतो, पिकावर आणि जनावरांवर. आणि त्याच नियमशास्त्रात असंही आहे, की शेताच्या कडा कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबाला राहू द्या. आपण ज्याला सरवा म्हणतो, तो. या सरव्याला दशांश माफ, असं यहुदी गुरूंनी मिश्ना या आपल्या नियमांच्या जुन्या संग्रहात नोंदवून ठेवलंय.

आता माझी आवडती गोष्ट सांगतो. आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मंडळी. कापणीचा सण होता. शाळूची सुगी नुकतीच उरकलेली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी वेदीपुढं काय काय येतं. ज्वारीची पोती, हरभरा, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी, ती नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडणार. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव.

त्या दिवशी एक आजी आल्या. शेत नाही, मुलगा ऊसतोडीला गेलेला. पदराखालून त्यांनी फडकं काढलं, आत अधोलीभर ज्वारी. पाळकसाहेब विद्वान माणूस. ते पायऱ्या उतरून खाली आले आणि हळूच म्हणाले, "आजी, ही सरव्याची ना? मग यावर तुमचं काही देणं लागत नाही. शास्त्रातच माफी आहे. घरी न्या, भाकरी करून खा."

आजींचा आवाज मात्र हळू नव्हता. "साहेब, तुमच्या घरी आणलीय का मी? ज्याची त्याला देते. तुम्ही मधी कोण?"

सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले आणि फडकं वेदीपुढं ठेवलं.

लिलाव सुरू झाला. आजींच्या ज्वारीची पाळी आली, तेव्हा पहिल्याच बाकावरचे एक बागायतदार उठले आणि त्यांनी थेट बाजाराच्या तिप्पट बोली लावली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "अहो, ही यांच्याच रानातली!" आणि खरंच की! आजींनी सरवा वेचला होता तो त्यांच्याच शेतात. स्वतःच्या मातीतली ज्वारी गडी तिप्पट भावानं विकत घेत होता. पैसे मोजून ते फडकं उचलतात न उचलतात, तोच आजी बोलल्या, "मालक, पुढच्या साली कणसं जरा जास्त सांडा. तुमचंच देवाला जातंय!"

बागायतदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्याच नावाचे पंखे त्या चर्चमध्ये फिरत होते. आता निघालंच आहे तर बोलतो. ही पंख्यांच्या पात्यांवर 'अमक्याच्या स्मरणार्थ' लिहायची पद्धत मला कळत नाही. पंखा बंद असला तर नाव दिसणार, म्हणजे लोकांनी घामेजून वाचायचं! असो.

तर मुद्दा. आजींवर सक्ती होती का? नव्हती. नव्या करारात टक्का ठरवून दिलेला नाही. करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन नको, भाग पडलं म्हणून नको. कॅथलिक चर्चच्या कायद्यात मंडळीच्या गरजा भागवणं हे कर्तव्य सांगितलंय, पण दहाचा आकडा त्यातही नाही. तिकडे जर्मनीत मात्र नोंदलेल्या सभासदाच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के चर्च-कर सरकारच कापतं. मला ते रुचत नाही. आपल्याकडे जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याचा तिसरा अध्याय काढून 'देवाला ठकवू नका' असा दम भरतात, तेही नाही रुचत. हा अध्याय काहींना मार्चअखेरीसच का आठवतो, देव जाणे.

पण सक्ती नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं नव्हे. पाळकाच्या घरीही गॅस संपतो, चर्चलाही वीजबिल येतं. मिझोराममध्ये १९१० पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. घरात रोकड नसेल, तांदूळ असतोच. रोजची एक मूठ, आणि त्यावर तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीची कितीतरी कामं उभी राहिली.

आणि घेणाऱ्यावरही बंधन आहे बरं का. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली, तेव्हा पौलानं ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस धाडला, कुणी बोट ठेवू नये म्हणून. तेव्हा वार्षिक सभेत खजिनदार हिशेब वाचायला उभे राहिले, की चहाला उठू नका. बसा, ऐका, आणि मंडप-डेकोरेशनचा आकडा मोठा वाटला तर हात वर करून विचारा. नमस्कार.