जे टाइप केले, ते तसेच राहू द्या

(पडद्यावर कोरी स्प्रेडशीट, म्हणजे आकडे आणि मजकूर भरायचा तक्ता, आहे. त्याच्या एका सेलमध्ये, म्हणजे चौकटीत, ‘००४२’ असे टाइप होते आणि एंटर दाबताच तिथे फक्त ‘४२’ उरते.)

आत्ता पडद्यावर जे घडले, ते संगणकावर रोज काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेले असते. कोणाच्या सांकेतिक क्रमांकातील सुरुवातीची शून्ये गळून पडतात, कोणी सोळा आकडी कार्ड क्रमांक लिहितो तेव्हा त्यातले पंधराच आकडे खरे राहून शेवटच्या जागी शून्य येऊन बसते, तर कोणी ‘३/४’ असे प्रमाण लिहितो आणि त्याची तारीख होते. काम करणाऱ्याच्या हातून यात काहीही चुकलेले नसते. त्याने लिहिलेल्या मजकुराचा अर्थ प्रोग्रामने परस्पर ठरवून टाकलेला असतो. दस्तऐवज, तक्ते आणि हिशेब यांसाठी वापरल्या जाणाऱ्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरविषयी वापरकर्त्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण आमच्या मते त्यांतली सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे.

ही सवय आली कुठून, हे समजून घेतले पाहिजे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी घडवलेला ‘व्हिजिकॅल्क’ हा स्प्रेडशीट प्रोग्राम १९७९ साली ॲपल टू या संगणकावर आला, तेव्हा त्याचे काम स्पष्ट होते: एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे क्षणात नव्याने मांडायचे. हिशेबाच्या कागदावर ‘००४२’ आणि ‘४२’ यांत फरक नसतो, त्यामुळे सेलमध्ये आलेली गोष्ट शक्यतो संख्या मानावी, हा अंदाज तिथे रास्त होता. पुढे लोकांनी त्याच चौकटीत नावांच्या याद्या, पत्ते, प्रश्नावल्यांची उत्तरे आणि प्रयोगशाळेतील नोंदी ठेवायला सुरुवात केली, कारण तक्त्यात माहिती मांडण्यासाठी इतके सोपे दुसरे साधन त्यांच्या हाताशी नव्हते. उपयोग बदलला, अंदाज मात्र तोच राहिला.

त्यातही तारखेचे प्रकरण सर्वांत नुकसानकारक आहे. एक्सेल या मायक्रोसॉफ्टच्या स्प्रेडशीट प्रोग्रामच्या लेखी तारीख म्हणजे साधारणपणे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा अनुक्रमांक असतो. एखादा मजकूर तारखेसारखा दिसला की त्याच्या जागी हा क्रमांक साठवला जातो आणि मूळ अक्षरे कुठेही जपून ठेवली जात नाहीत. म्हणूनच, चूक लक्षात आल्यावर तो सेल ‘टेक्स्ट’ केला, तरी आधी लिहिलेले नाव परत येत नाही. समोर येते ती एक पाच आकडी संख्या.

(पडद्यावर जनुकांच्या नावांचा रकाना दिसतो. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ या नावांच्या जागी एकेक करून तारखा उमटतात.)

जनुकशास्त्राने याची किंमत मोजली आहे. मानवी जनुकांच्या संक्षिप्त नावांपैकी काही नावे महिन्यांच्या नावांसारखी दिसत, आणि स्प्रेडशीटमध्ये टाकताच त्यांच्या तारखा होत. या घोटाळ्याकडे संशोधकांनी २००४ साली एका शोधनिबंधातून लक्ष वेधले होते. तरीही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे दिसले की, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका शिरल्या होत्या. अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली. ‘मार्च१’ हे ‘मार्चएफ१’ झाले आणि ‘सेप्ट१’ हे ‘सेप्टिन१’ झाले. हे आपोआप होणारे रूपांतर बंद ठेवण्याची सेटिंग एक्सेलमध्ये सर्वांसाठी आली ती २०२३ मध्ये. एका संपूर्ण ज्ञानशाखेने आपली परिभाषा प्रोग्रामच्या सवयीपुढे वाकवावी, हे आम्हांला अत्यंत खेदजनक वाटते, आणि तो खेद या सेटिंगमुळे पूर्ण मिटत नाही, कारण ती शोधून रूपांतर बंद करण्याचा भार अजूनही वापरकर्त्यावरच आहे.

मजकूर बदलणे वाईट, पण तो न सांगता गाळणे त्याहून वाईट. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकडेवारीतून कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी सुटून गेल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये भरली जात होती, आणि त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे आणि तो प्रकार २००७ पासून उपलब्ध होता, त्यामुळे जुना प्रकार निवडणाऱ्यांची जबाबदारी आहेच. तरीही ज्या व्यवस्थेत ओळी मावेनाशा झाल्यावर काम तिथेच थांबत नाही, ती व्यवस्था विश्वासाला पात्र कशी ठरावी?

हे सारे मांडताना एक उलट उदाहरणही सांगायला हवे, कारण त्यातून या क्षेत्राला काय जमते ते कळते. १९८३ साली आलेल्या ‘लोटस १-२-३’ या स्प्रेडशीट प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरले होते, जे ते नव्हते. जुन्या फाइलींतील तारखा एका दिवसाने सरकू नयेत म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून स्वीकारली, आणि आजही तिथे ६० हा अनुक्रमांक २९ फेब्रुवारी १९०० या कधीच न उगवलेल्या दिवसाचा आहे. तसेच २००७ मध्ये मेनू काढून त्यांच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची पट्टी, आली, तेव्हा जुन्या मेनूंचे कीबोर्डवरचे मार्ग चालू ठेवण्यात आले. ऑल्ट, ई, एस या क्रमाने आजही ‘पेस्ट स्पेशल’ उघडते. वापरकर्त्याच्या जुन्या कामाचा आणि बोटांना जडलेल्या सवयीचा मान राखायचा ठरवले, तर तो राखता येतो. प्रत्येक अपडेटनंतर बटणे नव्या जागी शोधावी लागतात, तेव्हा हा मान राखला गेला नाही असेच म्हणावे लागते.

(पडद्यावर वर्ड प्रोसेसर. एका पानावरून उचललेला परिच्छेद दुसऱ्या पानावर वेगळ्याच फॉन्टमध्ये आणि आकारात येऊन बसतो.)

लेखन करणाऱ्यांची तक्रार याच जातीची आहे. कट, कॉपी आणि पेस्ट ही पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांच्या कामातून आकाराला आली. वापरकर्त्याला यंत्राच्या आतली अवस्था लक्षात ठेवावी लागू नये, यासाठी त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. आज पेस्ट करताना मजकुराबरोबर त्याचा फॉन्ट, रंग आणि ओळींमधले अंतर येईल की नाही, हे आधी ओळखता येत नाही. अनेकांना फक्त शब्द हवे असतात, आणि त्यासाठी त्यांना वेगळा आदेश पाठ करावा लागतो.

फाइल कोणाची, हा प्रश्नही इथेच येतो. नवी फाइल सेव्ह करताना अनेक प्रोग्राम आधी क्लाउडचीच जागा पुढे करतात. काही प्रोग्राम वर्गणी संपली की आपणच लिहिलेला मजकूर वाचू देतात, पण बदलू देत नाहीत. २००६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक म्हणून मान्य झालेले ओपन डॉक्युमेंट स्वरूप आणि २००८ साली मान्य झालेले ऑफिस ओपन एक्सएमएल यांमुळे निदान फाइलीच्या आत काय आहे हे कोणालाही वाचता येते, आणि ही कमाई लहान नाही.

वापरकर्त्यांना हवे आहे ते अवघड नाही. लिबरऑफिस या मोफत प्रोग्रामसंचात सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता, उघडताना प्रत्येक रकाना संख्या, तारीख की मजकूर मानायचा, हे आधी विचारणारी खिडकी येते. हाच शिरस्ता सर्वत्र असावा. एखादी नोंद बदललीच, तर त्या सेलवर खूण दिसावी. फाइल बंद केल्यावर अन्डूची, म्हणजे केलेले बदल मागे घेण्याची, साखळी पुसली जाते, ती फाइलबरोबरच जपली जावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक सेलमध्ये प्रोग्रामने लावलेल्या अर्थाशेजारी वापरकर्त्याने टाइप केलेली मूळ अक्षरेही साठवली जावीत. आजच्या स्प्रेडशीट फाइली आतून झिप केलेल्या, म्हणजे दाबून एकत्र बांधलेल्या, साध्या मजकुराच्या एक्सएमएल फाइलींचाच गठ्ठा असतात, त्यामुळे तिथे आणखी एक छोटी नोंद ठेवायला फारशी जागा लागणार नाही, आणि तारीख झालेले नाव एका क्लिकवर पुन्हा नाव होऊ शकेल.