बार्सिलोना, 1263: मसीहा आला की यायचा आहे?

जुलै 1263. बार्सिलोनाच्या राजवाड्यात दरबार भरलाय. आजच्या स्पेनमधल्या आरागॉन राज्याचा राजा पहिला जेम्स स्वतः हजर आहे. त्याच्यापुढे वाद घालणार आहेत दोघं. पाब्लो क्रिस्तियानी: जन्मानं ज्यू, पुढे ख्रिस्ती होऊन डॉमिनिकन या धर्मबंधूंच्या संघात गेलेला. आणि जिरोना गावचे वयोवृद्ध रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे बेन नाहमान. प्रश्न असा, की मसीहा, म्हणजे देवानं वचन दिलेला तारणारा, येऊन गेला का? ख्रिस्ती म्हणतात, येशू हाच तो; ज्यू म्हणतात, तो अजून यायचा आहे.

हा वाद बरोबरीचा नव्हता. रब्बी राजाज्ञेनं आले होते. मोकळेपणानं बोलू द्याल, असा शब्द त्यांनी राजाकडून आधीच घेतला.

पाब्लोनं ज्यूंच्याच परंपरेतली एक कथा पुढे केली. जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्याच दिवशी मसीहा जन्मला. मग तो आलाच नाही, असं कसं म्हणता? रब्बी म्हणाले, या कथा बोधासाठी असतात, त्या मानायलाच हव्यात असं बंधन नाही. आणि मानली, तरी मंदिर पडण्याआधीच येशू जन्मला होता! मंदिर पडलं ते इसवी सन 70 मध्ये.

पण मन हलवून टाकतं ते त्यांचं पुढचं बोलणं. संदेष्टा यशया सांगून गेला होता, राष्ट्रं तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील, युद्ध शिकणंच सोडून देतील. रब्बी म्हणाले, येशूपासून आजवर जग हिंसेनं आणि लुटीनंच भरलंय. आणि महाराज, युद्ध थांबलं तर तुम्हाला, तुमच्या सरदारांना किती जड जाईल! मायोर्का आणि व्हॅलेन्सिया जिंकलेल्या राजाला हे तोंडावर सांगायला छाती लागते.

ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तरही खोल आहे. येशूच्या क्रूसावरच्या मरणानं माणूस पापातून सुटला. शांतीचं राज्य पूर्ण होईल ते तो पुन्हा येईल तेव्हा. रब्बींचा सवाल होता, ही सुटका दिसते कुठे? पहिला माणूस आदम, त्याला मिळालेली शिक्षा, घाम गाळून खायची भाकर, अजून चुकलेली नाही.

आपला खरा मतभेद मसीहावरून नाहीच, असंही ते म्हणाले. देव माणूस होऊन जन्मतो, हेच ज्यूंना मान्य नाही. त्यांचा मसीहा दाविद राजाच्या वंशातला, तुमच्याआमच्यासारखा माणूस.

राजानं त्यांना 300 नाणी देऊन निरोप दिला. वादाची लॅटिन नोंद मात्र रब्बी निरुत्तर झाल्याचं सांगते. त्यांनी स्वतःची हकिगत लिहून काढली, तेव्हा डॉमिनिकनांनी धर्मनिंदेची तक्रार केली. अखेर त्यांना देश सोडावा लागला. 1267 मध्ये ते जेरुसलेमला पोचले आणि तिथल्या एका पडक्या घरात त्यांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं केलं.