कुत्री, बारावा खेळाडू आणि टेक्सास ए अँड एम

अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीला एमएस करायला आपल्याकडची बरीच मुलं जातात. लॅब कशी आहे, फंडिंग मिळेल का, रूमचं भाडं किती, सगळं विचारून घेतात, पण तिथे एका कुत्रीला अख्खी युनिव्हर्सिटी एवढा मान का देते हे फारसं कुणी विचारत नाही, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आधी एक ध्यानात घ्या, १८७६ ला वर्ग सुरू झालेलं हे शेतकी-मेकॅनिकल कॉलेज आणि पहिल्यापासून लष्करी शिस्तीचं. पोरं युनिफॉर्ममध्ये राहायची, बिगुल वाजला की उठायची, एकत्र जेवायची. कॅडेट असणं, म्हणजे 'कॉर्प्स' नावाच्या तिथल्या लष्करी शिक्षणाच्या दलात असणं, १९६५ पर्यंत सक्तीचं होतं, आणि मुलींना मर्यादित का होईना पण प्रवेश मिळायला १९६३ उजाडलं. तिथल्या बहुतेक परंपरा ह्या बराकीतल्या जगण्यातून आल्यात, कुणी कमिटी बसवून ठरवलेल्या नाहीत आणि मला वाटतं म्हणूनच त्या टिकल्या.

तर १९३१ चा जानेवारी. काही कॅडेट नवासोटा गावाहून रात्री परत येत होते, त्यांच्या गाडीची धडक एका काळ्या-पांढऱ्या कुत्रीला बसली. तिला तशीच टाकून न जाता त्यांनी उचलून हॉस्टेलवर आणलं, आता हॉस्टेलवर प्राणी ठेवायला बंदी, म्हणजे सगळं गुपचूप. पण सकाळी बिगुलवाल्याने उठवायची धून, म्हणजे रेव्हली, वाजवली आणि ही जोरजोरात भुंकायला लागली! तेच तिचं नाव पडलं. पुढच्या (अमेरिकन) फुटबॉल सीझनला ती बँडच्या पुढे चालत मैदानात आली आणि कॉलेजची मॅस्कॉट, म्हणजे शुभंकर, झाली.

१९४४ ला ती गेली तेव्हा तिला लष्करी इतमामात स्टेडियमपाशी पुरलं, तोंड मैदानाकडे, म्हणजे स्कोअर दिसावा. नंतरच्या मॅस्कॉट कुत्र्यांचंही नाव रेव्हलीच, त्याही तिथेच पुरल्यात. पुढे स्टेडियम वाढवलं आणि थडग्यांवरून स्कोअरबोर्ड दिसेना, तर त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा स्कोअरबोर्ड लावला. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. १९६६ पासून रेव्हली कोली जातीची असते. कॉर्प्सच्या कमांडरला हुद्द्याची खूण म्हणून चार डायमंड तर हिला पाच, म्हणजे हुद्दा तिचाच वरचा, कॅडेट तिला 'मिस रेव्ह, मॅम' म्हणतात. ती एखाद्याच्या पलंगावर झोपली तर त्याने खाली झोपायचं, वर्गात भुंकली तर वर्ग सुटला असं म्हणतात. तिची देखभाल ई-२ कंपनीची, म्हणजे कॉर्प्समधल्या एका तुकडीची, पोरं करतात, वर्गात पण सोबत नेतात.

दुसरी गोष्ट बाराव्या खेळाडूची. २ जानेवारी १९२२, डॅलसला सेंटर कॉलेजशी मॅच. एकेक खेळाडू जखमी होऊन बाहेर यायला लागला, राखीव पण संपत आले, तेव्हा कोच डॅना बायबलनी प्रेस बॉक्समध्ये बसलेल्या किंग गिलला खाली बोलावलं. तो सीझननंतर फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला, पण आला, जखमी खेळाडूचा ड्रेस चढवला आणि शेवटपर्यंत बाजूला तयार उभा राहिला. मॅच २२-१४ अशी जिंकली, गिल एकदाही खेळला नाही. आजही विद्यार्थी पूर्ण मॅच उभं राहून बघतात ते म्हणूनच, लागलं तर आम्ही आहोत.

बॉनफायरबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासबरोबरच्या मॅचआधी विद्यार्थी स्वतः झाडं तोडून, ओंडके रचून प्रचंड होळी उभारायचे, १९६९ ला तर शंभर फुटांच्या वर गेली होती. १८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी तो ढीग रचतानाच कोसळला, १२ जण गेले, २७ जखमी झाले. युनिव्हर्सिटीने तेव्हापासून कॅम्पसवर ते बंद केलं. काहीजण कॅम्पसबाहेर अजून करतात, पण माझं स्पष्ट मत आहे, बंद केलं ते बरोबरच केलं, नव्वद वर्षांची प्रथा असली तरी पोरांच्या जिवापुढे ती काहीच नाही.

आणि मस्टर, म्हणजे हजेरी. दरवर्षी २१ एप्रिलला, त्या वर्षात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं पुकारतात आणि प्रत्येक नावाला त्यांचा मित्र किंवा घरचं कुणीतरी 'हिअर' म्हणून ओ देतं, मेणबत्ती लावतं. १९४२ ला फिलिपिन्समधल्या कोरेगिडोर बेटावर जपानी हल्ला चालू असताना सुद्धा जनरल जॉर्ज मूरनी तिथल्या ए अँड एमवाल्यांचं मस्टर केलं होतं. आता जगभर शेकडो ठिकाणी होतं. तुमच्यापैकी ज्यांचं ॲडमिशन झालंय त्यांनी एप्रिलमध्ये परीक्षा, प्रोजेक्ट काही असू दे, ती एक संध्याकाळ लॅबमधून बाहेर पडून कॅम्पसवरच्या मस्टरला रीड अरेना सभागृहात जा.