रस्ता शांत करायचा तर कोपऱ्यापासून

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘रानडे रोड शांत कसा होईल?’ त्याचं उत्तर मी देणार आहे, पण आधी मला एक विचारू द्या. आज इथे येताना स्टेशनपासून या सभागृहापर्यंत एकदाही रस्त्यावर न उतरता, सलग फुटपाथवरून चालत कोण आलं? हात वर करा. मागे एक हात दिसतोय. काका, तुम्ही समोरच्याच इमारतीत राहता, तुमचा हात नाही धरता येणार!

म्हणजे कोणीच नाही. आणि ही दादरची माणसं, ज्यांच्या घरात अजूनही ‘जरा पाय मोकळे करून येतो’ असं म्हणतात.

मुंबईत रस्त्यावरच्या अपघातांत जी माणसं दगावतात, त्यांतली जवळपास निम्मी पायी चालणारी असतात. मोटारीत बसलेली नव्हेत. हे डोक्यात ठेवून वेगाकडे बघा. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, ३० ने येणारी आठ मीटरच्या थोडी वर. माणूस दिसला आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातोच. शिवाय आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३० च्या जागी ५० असेल तर तो पावणेतीन पट बसतो.

तुम्ही म्हणाल, बाई, रानडे रोडवर ५० ने गाडी चालवायला जागा आहे कुठे? संध्याकाळी नाही, मान्य. पहाटे फुलबाजारातून डोक्यावर हारा घेऊन निघालेल्या बायकांना विचारा, किंवा रात्री शेवटच्या गाडीने उतरणाऱ्यांना.

मग लोक म्हणतात, स्पीड ब्रेकर टाका. गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे बरं का. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिने १९८८ सालीच दिलंय: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. म्हणजे लांबट, सौम्य चढ. आपल्याकडे काय असतं? रातोरात टाकलेला डांबराचा उंचवटा. रिक्षातल्या गरोदर बाईची पाठ मोडते आणि स्कूटरवाला गटाराच्या कडेने वळसा घालून तसाच पुढे निघतो.

दुसरा उपाय आपण स्कायवॉकचा केला. पहिला २००८ मध्ये वांद्र्याला झाला, मग शहरभर. गुडघे दुखणाऱ्या माणसाने भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढायचे, का, तर खाली गाडीला थांबावं लागू नये. मला ही कल्पनाच पटलेली नाही. चालणाऱ्याची जागा जमिनीवर आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि गेली बरीच वर्षं मी ते भेटेल त्याला सांगते: रस्ता कोपऱ्यावर बिघडतो. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते ना, तिथे.

आमचीच गल्ली घ्या. रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा कोपऱ्यावरचे कडेचे दगड मागे सरकवून मोठं गोल वळण काढलं. तिथल्या बदामाच्या झाडाच्या थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट आलं, त्या झाडाने पाणी प्यायचं कुठून हा वेगळाच विषय आहे, त्यावर मी आणखी तासभर बोलू शकते. तर वळण मोठं झालं. आता हिशेब बघा, फळ्यावर काढते. गल्ली सहा मीटर रुंद. तुम्ही रानडे रोडच्या फुटपाथवरून सरळ चालताय, रस्त्याच्या कडेपासून दोन मीटर आतून. कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या तीन मीटर असेल, तर गल्ली ओलांडताना साडेसहा मीटरही उघड्यावर चालावं लागत नाही. तीच त्रिज्या नऊ मीटर करा. अंतर साडेबारा मीटरच्या वर जातं! गल्ली तेवढीच आहे, तिची रुंदी एक इंचही वाढलेली नाही. सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या आजोबांना आधी सहा सेकंद लागायचे, आता तेरा. आणि त्याच तेरा सेकंदांत वळणारी गाडी ब्रेक न लावता आत शिरू शकते, कारण तिला तसं वळणच करून दिलंय.

एवढी जागा गाड्यांना लागते का? याचं उत्तर मला झेंडूने दिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला उतरले. झाडणारे अजून आले नव्हते. आदल्या दिवशी कोपऱ्यावर फुलवाल्यांच्या पाट्या होत्या, त्यांचा उरलासुरला झेंडू, आंब्याचे टाळे, आपट्याची पानं सगळं रस्त्यावर पसरलेलं. जिथून चाकं गेली होती तिथे पाकळ्यांचा काळपट लगदा काँक्रीटला चिकटला होता. आणि कोपऱ्याच्या आतल्या अंगाला भलामोठा तिकोनी तुकडा स्वच्छ केशरी! पाकळीन् पाकळी सुटी. दोन स्कूटर आडव्या मावतील एवढी जागा. रात्रभर तिथून टॅक्स्या गेल्या, मालाचे टेम्पो गेले, कचऱ्याची गाडी वळली, त्यांच्यापैकी एकालाही ती लागली नव्हती. मी तिथेच पिशवी खाली ठेवून फोटो काढले. गर्दीत सगळे हळू वळतात, तेव्हा ती जागा कोणाला लागत नाही. ती लागते फक्त ज्याला ब्रेक लावायचा नाही त्याला.

फोटो घेऊन मी एका कार्यालयात गेले. नाव सांगत नाही, तो मुद्दा नाही. साहेबांनी फोटो नीट पाहिले. म्हणाले, ‘‘मॅडम, आगीचा बंब वळला पाहिजे.’’ हा आक्षेप अगदी रास्त आहे, मी तो मानते. पण त्याला उत्तर आहे. कोपरा आवळायचा आणि बाहेरच्या पट्ट्यात दोन इंच उंचीचा खडबडीत दगड बसवायचा. मोटारवाला तो चुकवतो, बंब त्यावरून चढून जातो. मी नकाशा काढून दिला. ‘‘अर्ज आवकजावकला द्या,’’ म्हणाले. दिला. मग तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. प्रत्येक टेबलावर मी झेंडूची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शेवटी पत्र आलं: ‘सदर रस्त्याचे काम पूर्ण झाले असल्याने बदल करणे शक्य नाही.’ अहो, पूर्ण झालं म्हणूनच तर चूक दिसली! आणि पुढच्या गल्लीचं काम तेव्हा सुरू व्हायचं होतं, तिथेही तोच नऊ मीटरचा गोल काढला. मला राग आहे तो याचा.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, पत्रिकेतला विषय आता भराभर सांगते.

पहिलं, गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ खाली उतरवायचा नाही, तो त्याच पातळीवर पुढे न्यायचा. चढायचं ते गाडीने. चौकातले झेब्रा पट्टेही असेच उचलून घ्यायचे. म्हणजे योग्य मापाचा गतिरोधक आपोआप मिळतो, आणि तोही जिथे माणूस रस्ता ओलांडतो नेमका तिथे. गाड्यांची मार्गिका तीन मीटरची पुरते; रुंद दिली की वेग वाढतो. उरलेली जागा फुटपाथला. इंडियन रोड्स काँग्रेसच्याच २०१२ च्या नियमावलीत आहे की चालायला किमान १.८ मीटर मोकळं हवं आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. आपल्याकडचे काही फुटपाथ आजींना गुडघ्यावर हात ठेवून चढावे लागतात.

फेरीवाल्यांना हाकला असं मी म्हणणार नाही, इथे कोणाला आवडो न आवडो. कंदील, रांगोळी, आपट्याची पानं आपण त्यांच्याकडूनच घेतो. २०१४ च्या कायद्याने त्यांची जागा ठरवायला नगर पथविक्रेता समिती दिली आहे. ती जागा रस्त्याच्या कडेला, झाडांच्या रांगेत हवी; दुकानाची भिंत ते फेरीवाला यांच्यामध्ये चालायचा पट्टा मोकळा. दुकानांचा माल सकाळी ठरलेल्या वेळेत उतरावा. मोटारी कोहिनूर स्क्वेअरच्या सार्वजनिक वाहनतळात जाव्यात, तिथून चालत असं कितीसं लांब आहे?

व्यापारी म्हणतील धंदा बसेल. पुण्याने २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता दिवसभर गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली, जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद करून बाकं टाकली. जाऊन बघा, तिथल्या दुकानदारांशी बोला, मग ठरवा. आणि हे कोणाच्या मेहेरबानीने मागायचं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे.

हे सगळं एकदम होणार नाही, म्हणून कोपऱ्यांपासून धरू. एका कोपऱ्याला फार पैसा लागत नाही. आधी रंगाचे पट्टे आणि प्लास्टिकचे खांब लावून महिनाभर बघता येतं. जमलं नाही तर काढून टाका. येत्या रविवारी सकाळी सातला मी स्टेशनच्या टोकाशी उभी असेन, खडू आणि मोजपट्टी घेऊन. ज्यांना जमेल त्यांनी या. शिवाजी पार्कपर्यंतचा प्रत्येक कोपरा मोजू, त्रिज्या लिहून काढू आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करू. एकटीच्या अर्जाला पत्र येतं, शंभर सह्यांच्या अर्जाला अभियंता येतो. प्रश्न घ्यायचे ना? आधी मागच्या रांगेतल्या ताईंना माईक द्या, त्या मघापासून हात वर करून बसल्या आहेत.