कांद्याच्या शेताखालचं पेट्रोल

[दृश्य: सकाळ. कांद्याचं शेत. बांधालगत एक ठेंगणा खांब.]

हा खांब विजेचा नाही आणि मोजणीचाही नाही. जवळ जाऊन पाटी वाचली की कळतं, इथे खणायला मनाई आहे. कांद्याच्या मुळांखाली, मीटरभर मातीआड, एक पोलादी नळ आहे. या घडीला त्यातून पेट्रोल चाललंय. किंवा डिझेल. वरून बघणाऱ्याला ते कळायचं नाही.

नाशिक जिल्ह्यात नोटांचा छापखाना आहे, ओझरला लढाऊ विमानं तयार होतात, द्राक्षं तर आहेतच. तेलशुद्धीकरण कारखाना मात्र नाही. आपली रिफायनरी घाटाखाली आहे, मुंबईत माहुलला. तिथून हा नळ निघतो, सह्याद्री चढतो आणि साधारण अडीचशे किलोमीटरवर मनमाडजवळच्या पानेवाडीत पोचतो. पुढे तो मध्य प्रदेशातून थेट दिल्लीच्या बिजवासनपर्यंत गेलाय, पण आपल्याला पानेवाडीशी काम आहे.

ज्याच्या रानातून नळ जातो त्याची जमीन त्याच्याच नावावर राहते. १९६२ च्या कायद्याने सरकार फक्त वापराचा हक्क घेतं, आणि त्यासाठी बाजारभावाच्या १० टक्के मोबदला देतं. नळाच्या पट्ट्यात कांदा घ्या, गहू घ्या, हरकत नाही. घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, तळं करायचं नाही, झाड लावायचं नाही. ज्या जिल्ह्यात शेततळ्यावर बाग जगते, तिथे ही अट कागदावर दिसते तेवढी लहान नाही.

[दृश्य: माहुल. रात्र. उंच मनोरे, दिव्यांच्या ओळी, चिमणीच्या टोकावर ज्योत.]

माहुलला दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी आहेत. हिंदुस्थान पेट्रोलियमची १९५४ मध्ये सुरू झाली, भारत पेट्रोलियमची १९५५ मध्ये. तेव्हा त्या परदेशी कंपन्यांच्या होत्या. पहिली एस्सो आणि दुसरी बर्मा-शेल या नावाने जुन्या लोकांना आठवत असेल. सत्तरच्या दशकात सरकारने दोन्ही ताब्यात घेतल्या. आज भारत पेट्रोलियमच्या कारखान्याची क्षमता वर्षाला १ कोटी २० लाख टन आहे, म्हणजे दिवसाला जवळपास ३३ हजार टन कच्चं तेल. शेजारचा कारखाना ९५ लाख टनांचा.

कच्चं तेल येतं समुद्रातून. काही मुंबई हायचं. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदजहाजाने समुद्रात शोधलेल्या या साठ्याचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं, रिफायनरीवाल्यांच्या भाषेत ‘गोड’. बाकीचं बरंचसं आखातातून जहाजाने येऊन मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर उतरतं. या तेलात गंधक जास्त. गंधकाची ही गोष्ट ध्यानात असू द्या, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आधी तेलातलं मीठ पाण्याने धुऊन काढतात, नाहीतर तेच मीठ पुढे पोलाद खातं. मग भट्टीत साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून ते एका उंच मनोऱ्यात सोडतात. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते आणि थेंब धरतात. मनोऱ्यात हेच घडतं, फक्त झाकणं एकावर एक अनेक. तळाशी उष्णता जास्त, शेंड्याला कमी. जड वाफ खालच्या थाळ्यांवरच हार मानते, तिथे डिझेल मिळतं. त्याच्या वर रॉकेल, त्याच्या वर नाफ्था, आणि शेंड्यावरून स्वयंपाकाचा गॅस. तळाशी जो काळा गाळ उरतो त्यातूनच पुढे रस्त्याचं डांबर निघतं.

इथे एक गैरसमज असतो. मनोऱ्यातून निघालेला नाफ्था म्हणजे पेट्रोल नव्हे. तो तसाच गाडीत घातला तर इंजिन ठकठक आवाज करायला लागेल. उत्प्रेरकावरून नेऊन त्याच्या रेणूंची रचना बदलतात, तेव्हा कुठे साधं पेट्रोल जुळवता येतं. जड तेलाचे लांबलचक रेणूही असेच तोडतात, ५०० अंशांच्या आसपास, कारण गिऱ्हाइकाला पेट्रोल-डिझेल हवं असतं आणि निसर्गाने तेल काही त्या हिशेबाने बनवलेलं नाही. माझ्या मते खरी रिफायनरी म्हणजे ही मोडतोड. मनोरा नुसती वर्गवारी करतो.

चिमणीवरची ती ज्योत पाहून अनेकांना वाटतं की गॅस फुकट चाललाय. यंत्रात दाब वाढला की जादाचा वायू तिथे नेऊन जाळतात, म्हणून ती विझू देत नाहीत. कुकरची शिट्टीच म्हणा. पण त्या ज्योतीखाली माणसंही राहतात. माहुल आणि आंबापाड्याच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये नोंदवलं आहे. पंपावर आपण जो भाव मोजतो त्यात ही हवा धरलेली नसते.

[दृश्य: कसारा घाट, धुकं. मालगाडी चढताना.]

आता घाट. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. आगगाडीला घाट चढताना मागून जादा इंजिनं लावतात, तेलाला पंप लावावे लागतात. डिझेल नुसतं तेवढं उचलायचं तरी जवळपास ५० बार दाब हवा. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. नळाच्या भिंतीशी होणारं घर्षण त्यात धरलेलंच नाही.

आणि हा नळ एकच. त्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल सगळं जातं, एकामागोमाग एक, दिंड्या चालाव्यात तसं. मध्ये पडदा वगैरे काही नसतो. पेट्रोलच्या शेपटाला डिझेलचं तोंड भिडलेलं. जिथे भिडतं तिथे थोडी सरमिसळ होते, तिला ‘इंटरफेस’ म्हणतात. दोन्हींची घनता वेगळी असते, त्यामुळे पानेवाडीच्या बाजूला मापकावरचा आकडा हलू लागला की समजायचं, मधला भाग आला. तेवढा वेगळ्या टाकीत वळवायचा, मग पुढचा माल त्याच्या टाकीत. चालही दिंडीसारखीच. अशा नळांतून तेल साधारण माणसाच्या पायी चालीने, फार तर जरा झपझप सरकतं. माहुलहून निघालेल्या पेट्रोलला मनमाड गाठायला दोन-तीन दिवस लागले तर नवल नाही.

[दृश्य: पानेवाडी. फाटकाबाहेर टँकरची रांग. चहाची टपरी.]

पानेवाडी-नागापूर भागात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांचे प्रकल्प आहेत. नाशिक शहर, मालेगाव, खानदेश, मराठवाडा, बऱ्याच दूरपर्यंतचे टँकर इथेच भरतात. टँकरला कप्पे असतात. एका कप्प्यात पेट्रोल आणि शेजारच्यात डिझेल अशी जोडीही चालते. भरलं की झाकणाला आणि खालच्या व्हॉल्व्हला सील, सोबत चलन, चलनावर घनता लिहिलेली. पंपावर टँकर आला की आधी सील बघायचं, मग पातळी मोजायला डिप रॉड टाकायचा, मग घनता मोजायला हायड्रोमीटर. लिहिलेल्या आकड्याशी घनता जुळली नाही तर माल उतरवायचा नाही. ग्राहकालाही घनता तपासायचा आणि पाच लिटरच्या मापाने माप बघायचा हक्क आहे. किती जण तो वापरतात, ते कुठल्याही पंपावर तासभर उभं राहिलं की दिसतं.

इथेनॉल रिफायनरीत मिसळत नाहीत, ते इथे डेपोत मिसळतात. ते पाणी ओढून घेतं, म्हणून लांबच्या नळातून पेट्रोलसोबत पाठवत नाहीत. उसापासून किंवा धान्यापासून ते काढणाऱ्या कारखान्यांकडून टँकरनेच येतं. एका पावसाळ्यात माझी दुचाकी भर रस्त्यात बंद पडली होती. गॅरेजवाल्याने टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून समोर धरलं. तळाशी वेगळा थर. ‘पाणी गेलंय साहेब, तुमच्या टाकीतून नाही, पंपाच्या,’ तो म्हणाला. कुठला पंप ते मी सांगत नाही, कारण सिद्ध करू शकणार नाही.

या गावाची एक आठवण मात्र टाळता येत नाही. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ तेलाच्या भेसळीचा प्रकार पाहून थांबले आणि भेसळखोरांनी त्यांना जिवंत जाळलं. मनोऱ्यात रॉकेल नाफ्था आणि डिझेलच्या मधल्या थाळ्यांवर जमतं, म्हणूनच ते पेट्रोल-डिझेल दोन्हींत सहज मिसळतं. रेशनवर ते स्वस्त होतं, डिझेल महाग. ओळखू यावं म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत. भावातला फरक असेपर्यंत त्या रंगाने फारसं काही अडलं नाही.

आणि १ जानेवारी २०२४. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांच्या शिक्षेबाबतच्या नव्या तरतुदीविरुद्ध देशभर चालकांनी स्टिअरिंग सोडलं. पानेवाडीतून टँकर हलेनात आणि नाशिकच्या पंपांसमोर रांगा रस्त्यावर आल्या. माहुल सुरू होतं, नळ भरलेला होता, टाक्यांत माल होता. शेवटच्या ऐंशी-नव्वद किलोमीटरला नळ नाही, तिथे ड्रायव्हर आहे.

[दृश्य: निफाड. पहाट. द्राक्षबाग. ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर.]

आता ते गंधक. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक निकषाचं, इंधन आलं. दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग. आधीच्या बीएस-४ मध्ये ५० चालत होते. त्यासाठी रिफायनरीत डिझेलवर दाबाखाली हायड्रोजन सोडतात. तो गंधकाला धरून वायूच्या रूपात बाहेर काढतो आणि त्या वायूतून पुढे पिवळंधमक गंधक वेगळं होतं. आज जगातलं बहुतेक गंधक खाणीतून येत नाही, तेल आणि वायू स्वच्छ करताना निघतं.

द्राक्षावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली की बागाईतदार काय मारतो? गंधक. या टाकीतलं गंधक माहुलचंच असेल असं नाही. पण ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरमधलं डिझेल आणि पानांवर बसणारी ही पिवळट फवारणी, दोघांचं मूळ बहुधा एकच, जमिनीखालचं काळं तेल.

मालकाला आत्ता यातलं काही ऐकायचं नाही. त्याचं लक्ष पूर्वेकडे आहे. ऊन चढायच्या आत चार ओळी उरकायच्यात, कडक उन्हात गंधकाने पानं करपतात.